सूर्यनमस्काराचा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्यातील औंध हे आज एक लहानसे गाव आहे. मूळपीठाच्या डोंगरावर यमाई देवीचे मंदिर, वाटेत श्रीभवानी चित्रसंग्रहालय आणि खाली जुना राजवाडा, एवढीच त्याची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. पण जगभरातील लक्षावधी माणसे रोज सकाळी अंथरूण सोडून ज्या व्यायामाला उभी राहतात, त्या व्यायामाला घराघरांत आणि शाळाशाळांत नेणारी पहिली मोठी चळवळ याच गावातून उभी राहिली. ती उभी करणारा माणूस कोणी तालमीतला वस्ताद नव्हता की मठातला योगी नव्हता. तो एका चिमुकल्या संस्थानाचा अधिपती होता. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

राजांनी शिकारखाने बांधावेत, मोटारींचे ताफे ठेवावेत, उन्हाळ्यात युरोप गाठावा, असा तो काळ होता. अशा काळात आपल्या प्रजेच्या पाठीचा कणा ताठ असावा, फुप्फुसे भरून श्वास घेता यावा आणि ताटात सत्त्व असलेले अन्न असावे, याची काळजी हाच राज्यकारभाराचा विषय मानणारा राजा विरळाच. बाळासाहेबांच्या या ध्यासाची त्यांच्या हयातीत थट्टाही झाली. परंतु त्या ध्यासामागे जो प्रश्न होता, तो आजही सुटलेला नाही. समाजाचे आरोग्य दवाखान्यात घडते की घराच्या अंगणात, हा तो प्रश्न.

प्रतिनिधींचे घराणे

छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात परशुराम त्रिंबक यांनी जी कामगिरी केली, तिच्यामुळे प्रतिनिधिपद या घराण्याकडे आले. पुढे मराठेशाही मावळली आणि इंग्रजी अमलात औंधचे संस्थान उरले. त्याचा विस्तार जेमतेम ५०० चौरस मैल, गावे ७२ आणि लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. तीही एकसंध नव्हती. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, दुष्काळाने गांजलेल्या माणदेशातले आटपाडी तिसरीकडे आणि गुणदाळचे ठाणे तर थेट विजापूरच्या कानडी मुलखात. आज ते गुणदाळ कर्नाटकात आहे.

अशा घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. ते धाकटे चिरंजीव असल्याने गादी आपल्याकडे येईल, अशी अपेक्षा त्यांनी बाळगण्याचे कारण नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले, चित्रकलेत रमले, कीर्तनाची गोडी लागली आणि वडिलांच्या हाताखाली संस्थानच्या कारभाराचाही अनुभव घेतला. वडिलांनंतर ज्येष्ठ बंधू, त्यांच्यानंतर पुतणे अशी गादी फिरत गेली आणि पुतण्यांना पदच्युत करण्यात आल्यावर १९०९ च्या नोव्हेंबरात ती भवानरावांकडे आली. त्या वेळी ते एक्केचाळीस वर्षांचे होते. व्यायामाचा निर्णायक शोध मात्र त्यांना त्याच्या आदल्याच वर्षी लागला होता.

सँडोची साधने आणि सूर्याची वाट

लहानपणी जोर, बैठका, कुस्ती हे सारे त्यांनी केले होते. पुढे साऱ्या जगाप्रमाणे त्यांनाही युजेन सँडोने भुरळ घातली. प्रशियात जन्मलेल्या या बलभीमाने व्यायामाची पुस्तके आणि साधने यांचा मोठा व्यापार उभा केला होता. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये सँडोचे पुस्तक आणि साधने आणवली आणि सुमारे दहा वर्षे नेमाने त्या पद्धतीचा व्यायाम केला. छाती रुंदावली, दंड भरले. मात्र डंबेल्स विकत घ्यावी लागतात, ती प्रवासात न्यावी लागतात, आणि दंडाचे स्नायू फुगले म्हणजे पोट, पाठ आणि श्वास यांचे काम भागतेच असे नाही, हेही दिसत होते.

या टप्प्यावर मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने ते १९०८ च्या सुमारास सूर्यनमस्कारांकडे वळले. सूर्यनमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. समर्थ रामदासांच्या नावाशी ते परंपरेने जोडलेले होते, मुंजीनंतर बटूला ते शिकवले जात आणि तालमीतल्या जोरांशी त्यांचे नाते उघड होते. मात्र ते कोणी धर्मकृत्य म्हणून घाली, कोणी मल्लविद्येचा भाग म्हणून, आणि ज्याच्या त्याच्या घरी त्याची तऱ्हा वेगळी. बाळासाहेबांनी केले ते हे की या विखुरलेल्या आचाराला एक निश्चित घाट दिला आणि तो सर्वांसाठी खुला केला.

त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती होत्या. ताठ उभे राहून हात जोडणे, गुडघे न वाकवता खाली वाकून तळहात जमिनीला टेकणे, एक पाय मागे नेणे, मग दुसरा, त्यानंतर साष्टांग, त्यातून छाती उचलून मान मागे नेणे आणि पुन्हा त्याच क्रमाने वर येणे. एकदा टेकलेले तळहात नमस्कार पुरा होईपर्यंत जागचे हलता कामा नयेत, साष्टांगात पोट जमिनीला लागता कामा नये, श्वास प्रत्येक स्थितीशी बांधलेला असावा, असे बारीक नियम होते. एका नमस्कारात मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सारे अंग राबते. त्यासाठी साधन लागत नाही, जोडीदार लागत नाही, फी लागत नाही. सतरंजीएवढी जागा आणि सकाळचा थोडा वेळ पुरतो. गरीब संस्थानाच्या राजाला याहून सोयीचा व्यायाम सापडणे शक्य नव्हते.

शाळेच्या पटांगणात

बाळासाहेब आधी स्वतः करीत आणि मग सांगत. ते भल्या पहाटे उठत आणि नेमाने नमस्कार घालीत. दिवसाला तीनशे हा त्यांच्या नित्यक्रमाचा भाग होता. राजवाड्यात हा नियम एकट्यापुरता नव्हता. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. स्त्रियांनी व्यायाम करावा, आणि तो घराच्या चार भिंतींत, कोणाच्या परवानगीवाचून करता यावा, हा त्यांच्या प्रचाराचा एक मुख्य धागा होता. त्या काळी आखाडा म्हणजे पुरुषांची मिरास. मुलीने घाम गाळणे असभ्य मानले जाई. अशा वेळी राणीसाहेबांचा रोजचा व्यायाम उघडपणे, छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर आल्या शाळा. औंध संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे झाले. पटांगणात ओळी धरून मुले उभी राहत, बीजमंत्र म्हटले जात आणि एका तालावर शेकडो पाठी वाकत. लहान मुलांना थोडे, वय वाढेल तसे अधिक, असे प्रमाण ठरलेले होते. सूर्यनमस्कार हे तोवर एकट्याचे, घरातले कर्म होते. ते सामुदायिक, शालेय आणि रोजच्या वेळापत्रकातले झाले ते असे. राजा स्वतः उत्तम कीर्तनकार असल्याने प्रचाराचे दुसरे साधनही हाताशी होते. कीर्तनाच्या निमित्ताने जमलेला गाव राजाचे म्हणणे फर्मान म्हणून नव्हे, तर ओळखीच्या माणसाचा उपदेश म्हणून ऐके.

या कामात त्यांना एक समर्थ सोबती लाभला. सावंतवाडीकडील कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे चित्रकार. हैदराबादेत त्यांनी चित्रकलेचा व्यवसाय केला, तेथून लाहोर गाठले आणि १९१८ च्या सुमारास ते औंधला आले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ स्थापन केले. वेदांच्या संहिता छापणाऱ्या या संस्थेने आसने आणि सूर्यनमस्कार यांवरची पुस्तकेही प्रसिद्ध केली. पंडितजींना पुढे शंभर वर्षांहून अधिक आयुष्य लाभले, हा योगायोग त्यांच्या वाचकांना मोठा बोलका वाटत असे.

औंध एकटे नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे. बडोद्यात प्राध्यापक माणिकराव जुम्मादादा व्यायाममंदिरातून सांघिक व्यायामाची शिस्त घडवीत होते. त्यांचेच शिष्य, बडोदे संस्थानातील डभोईला जन्मलेले स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय तपासणी आरंभली. अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे होते. पारतंत्र्यातील समाजाला आपले शरीर दुबळे झाल्याची बोच लागली होती आणि मराठी मुलखाने त्या बोचेतून संस्था उभारल्या. बाळासाहेबांचे वेगळेपण असे की त्यांनी बलोपासनेपेक्षा निरोगीपणाला महत्त्व दिले. त्यांना मल्ल घडवायचे नव्हते. शिक्षक, कारकून, गृहिणी आणि शाळकरी पोर यांची तब्येत त्यांना हवी होती.

ताटातला प्रश्न

व्यायामाच्या जोडीला आहाराचा विचार नसेल तर अर्धेच काम होते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पुस्तकांत नमस्कारांइतकीच जागा अन्नाला मिळाली. गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ, कोंडा काढून टाकलेले पीठ, पांढरी साखर यांवर त्यांचा राग होता. हातसडीचा तांदूळ, कोंड्यासकट गव्हाचे पीठ, मोड आलेली कडधान्ये, कच्च्या भाज्या, फळे आणि दूध यांचा त्यांनी पुरस्कार केला. चहा, तंबाखू आणि मद्य यांना त्यांच्या आरोग्यविचारात थारा नव्हता.

हे केवळ एका सोवळ्या राजाचे खूळ नव्हते. त्याच सुमारास दक्षिणेत कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅकॅरिसन हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ तपासत होते. कोंड्यासह गव्हाची पोळी, डाळ, भाज्या आणि दूध-लोणी यांवर वाढलेले उंदीर धडधाकट निघत, तर सडलेल्या तांदळावर मुख्यतः जगणारे खुरटत, असे त्यांना आढळले. राजवाड्यातला अनुभव आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष एकाच दिशेला बोट दाखवीत होते.

तथापि येथेच या प्रयत्नाची खरी कसोटी होती. दूध आणि फळे खा, हा उपदेश ज्याच्या गोठ्यात दुभते आहे त्याला पटतो. आटपाडीच्या माळावर, जेथे पाऊस वर्षाआड तोंड फिरवतो, तेथे ज्वारीची भाकरी आणि कालवण मिळाले तरी दिवस साजरा होई. दिवसभर मोट हाकणाऱ्या किंवा खडी फोडणाऱ्या माणसाला आणखी व्यायाम कशाला, ही शंकाही रास्तच होती. सूर्यनमस्कारांचा खरा लाभ बसून काम करणाऱ्या वर्गाला अधिक होता. बाळासाहेबांच्या उत्साहाला आणखी एक मर्यादा होती. नमस्कारांनी बहुतेक सारे विकार दूर राहतात, असे ते मनापासून मानीत. आजचे वैद्यक एवढा मोठा दावा मान्य करणार नाही. परंतु त्यांच्या बाजूने हेही मांडायला हवे की त्यांच्या आहारविचारातील निम्म्या गोष्टी फुकट होत्या. कोंडा न चाळणे, मटकी भिजवून मोड आणणे, तांदूळ गिरणीऐवजी घरी सडणे, चहाचा खर्च वाचवणे यांना श्रीमंती लागत नाही. लागते ती सवय. आणि सवय लावण्यासाठीच तर शाळा होती.

लंडनपर्यंत पोहोचलेले औंध

सूर्यनमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले. १९३६ साली ते राणीसाहेबांसह इंग्लंडला गेले. वय अडुसष्टीकडे झुकलेले, अंगकाठी तरुणासारखी. लुईझ मॉर्गन या पत्रकर्तीने त्यांची भेट घेतली आणि न्यूज क्रॉनिकल या लंडनच्या दैनिकात या व्यायामाची माहिती दिली. त्या ओळखीतून तिच्याच संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनच्या डेंट या प्रकाशनसंस्थेने ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक काढले. इंग्रज गृहिणीही आपल्या बैठकीच्या खोलीत हा व्यायाम करू शकेल, अशी त्याची मांडणी होती.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहिला होता आणि तो आजही अधूनमधून डोके वर काढतो. सूर्याला नमस्कार, ओंकार आणि बीजमंत्र असलेला हा आचार व्यायाम आहे की उपासना? स्वतः बाळासाहेब श्रद्धाळू होते आणि मंत्रांवाचून नमस्कार अपुरा, असे त्यांना वाटे. तरीही मंत्रांचे समर्थन त्यांनी शरीराच्या अंगाने केले. त्या ध्वनींच्या कंपनांनी छाती, कंठ आणि पोट यांतील अवयवांना चालना मिळते, असे ते सांगत. २०१५ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सामायिक कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले, ते याच वादामुळे. शाळेतली सक्ती आणि घरची श्रद्धा यांच्यातली रेषा कोठे आखावी, हे औंधच्या पटांगणातही पूर्णपणे ठरले नव्हते.

शरीराचे स्वराज्य, गावाचे स्वराज्य

बाळासाहेबांचे औदार्य व्यायामापुरते नव्हते. बेळगावात सायकलींचे दुकान आणि नांगरांचा छोटा कारखाना चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ जमीन देणारे बाळासाहेबच. त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमागे त्यांची प्रेरणा होती. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ग. दि. माडगूळकरांसारखी मुले औंधच्या शाळेत शिकून मोठी झाली.

परंतु त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय सत्तरीत झाला. विलायतेहून शिकून आलेले चिरंजीव आप्पासाहेब आणि पोलंडमधून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या सहकार्याने, गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली संस्थानची नवी राज्यघटना तयार झाली आणि १९३९ च्या जानेवारीत राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. गावोगाव पंचायती आल्या. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाला तिच्यातूनच प्रेरणा मिळाली.

वरवर पाहता पहाटेचे नमस्कार आणि पंचायतीचे राज्य यांचा काही संबंध दिसत नाही. तो आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच विश्वास होता. सामान्य माणसाला शिकवले, तर तो आपला भार आपण पेलू शकतो. वैद्याच्या दारी जाण्याआधी तो आपले शरीर सांभाळू शकतो, आणि राजाच्या दारी जाण्याआधी आपले गाव. ज्या राजाने सक्तीने मुलांना नमस्कार घालायला लावले, त्यानेच अखेर सक्तीचा अधिकार सोडून दिला. या विसंगतीतच त्यांच्या स्वभावाची वाढ दिसते.

मागे काय उरले

८ मार्च १९४८ रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थान संपले, त्याबरोबर शाळांतली ती शिस्तही ओसरली. पंडित सातवळेकर स्वाध्याय मंडळासह गुजरातेत पारडीला गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी बाळासाहेबांचे निधन झाले. आप्पासाहेब पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले आणि जातील तेथे वडिलांचा व्यायाम नेत राहिले. १९७० मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

आज जगातल्या कोणत्याही योगवर्गात सुरुवात बहुधा सूर्यनमस्काराने होते. करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना औंधचे नाव ठाऊक असते. रथसप्तमीला अनेक शाळांतून सामुदायिक नमस्कार घातले जातात, छायाचित्रे निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून पटांगण रिकामे होते. बाळासाहेबांचा भर नेमका याच्या उलट होता. एका दिवसाच्या हजार नमस्कारांपेक्षा रोजचे पंचवीस त्यांना मोलाचे वाटले असते.

मधुमेह आणि रक्तदाब आता खेड्यांतही घर करून आहेत. ज्या माळावर एकेकाळी अंगमेहनत जादा होती, तेथेही मोट जाऊन पंप आला, पायवाटेवर दुचाकी आली, भाकरीशेजारी बिस्किटाचा पुडा आला. कष्टकऱ्याला व्यायाम कशाला, ही त्या काळची रास्त शंका काळानेच निकालात काढली. ८० वर्षांपूर्वी राजवाड्यापुरता वाटणारा उपदेश आज आटपाडीच्या चौकातही लागू पडतो. त्यासाठी राजा लागत नाही, फर्मान लागत नाही. सतरंजीएवढी जागा आणि उगवतीची वेळ आजही तेवढीच स्वस्त आहे.